काळा आलेला फोटो

आमच्या दवाखान्यात आता एक्सरे काढायला एक नवी मुलगी आहे. चुणचुणीत आहे, कामाला चोख आहे, पेशंटला ताटकळत ठेवत नाही. तरीसुद्धा महिन्यातून दोन-तीनदा कुणीतरी म्हातारं माणूस काउंटरपाशी येऊन मला विचारतंच, "शिस्टर, ते फोटोवालं तात्या दिसत न्हाईत?" मी म्हणते, "आता नसतात ते इथं." समोरचा लगेच चेहरा पाडतो. "आरारारा! कवा?" मग मला खेकसावं लागतं, "अहो, नोकरी सोडली त्यांनी. खुशाल आहेत." खुशाल हा शब्द माझ्या तोंडून सरळ निघत नाही, पण काउंटरवर उभं राहून कुणाकुणाला काय सांगत बसणार?

बिरू तात्या मूळचे कऱ्हाटीचे. आजा मेंढरं घेऊन दर वर्षी कोकणात उतरायचा, बापानं मेंढरं विकून शेती धरली आणि तात्या बारावी होऊन पुण्याला एक्सरेचा कोर्स करून आले. "आमच्या खानदानात माणसाच्या आतलं बघितलेला मी पयला," असं ते छाती काढून सांगायचे. बारामतीतला आमचा हाडांचा दवाखाना तेव्हा जेमतेम वीस खाटांचा होता. मी तिथं त्यांच्या आधी दोन वर्षं लागले होते, त्यामुळं मी त्यांच्यावर हक्कानं तोंड सोडायची आणि तेही हक्कानं ऐकून घ्यायचे. उंच, हाडकुळा माणूस, कान मोठे, मिशी पिकायला लागलेली. शिशाचा जड एप्रन अंगात न घालता खांद्यावर टाकून फिरायचे आणि त्याला घोंगडं म्हणायचे. "माझं घोंगडं कुणी हलवलं?" ही त्यांची आरोळी सकाळी ऐकू आली नाही तर त्या दिवशी ते रजेवर आहेत असं समजायचं.

छातीचा फोटो काढताना श्वास रोखून धरायला लावतात. तात्या म्हणायचे, "घ्या... धरा... धरा... आता सोडा, न्हायतर तसंच जाशीला." घाबरलेला पेशंट हसायचा आणि फोटो हलायचा. मग तात्या त्यालाच रागवायचे.

तेव्हा आमच्याकडे जुनं मशीन होतं. फिल्म अंधाऱ्या खोलीत धुवायची, चिमट्याला लावून निथळवायची आणि मग बघायची. तात्या ती ओलीच उचलून खिडकीपाशी न्यायचे आणि उजेडात धरायचे. हाड मोडलंय की नाही हे तर ते सांगायचेच, वर माणूस काय काम करतो तेही सांगायचे. डॉक्टरसाहेबांना हे मुळीच आवडत नसे. "तात्या, निदान मी करायचं असतं," असं ते दर आठवड्याला बजावायचे. तात्या मान डोलवायचे आणि पुढच्या पेशंटला पुन्हा सांगून मोकळे व्हायचे.

एकदा माळेगाव बुद्रुकहून एक सत्तरीचे आबा खांदा धरून आले. बरोबर दोन मुलं, दोन सुना. आबा म्हणाले, न्हाणीत पाय घसरला. तात्यांनी फिल्म खिडकीला लावली, बराच वेळ बघितली आणि मागं न वळता म्हणाले, "आबा, न्हाणी किती उंच हाय तुमची?"

"म्हंजी?"

"म्हंजी ट्रॉलीएवढी हाय का? ह्या वयात उसाच्या ट्रॉलीवर चढलाव व्हय?"

आबांनी सुनांकडं बघितलं आणि खाली मान घातली. कारखाना सुरू झाला होता, आपल्या उसाच्या मोळ्या नीट रचल्या जात नाहीत म्हणून म्हातारा स्वतः वर चढला होता. मुलांनी तिथंच त्यांना फैलावर घेतलं. तात्या मला म्हणाले, "माणूस खोटं बोलंल शिस्टर. फोटो न्हाय बोलायचा."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की कधीकधी मीच ते आधी म्हणून टाकायची. दुसरं वाक्य होतं, "एका माणसाला एकच फोटो." त्याचा त्यांना फार अभिमान. मशीनच्या कंट्रोलवर एक आकडा लावावा लागायचा. जाडजूड माणसाला मोठा, बारक्याला लहान. आकडा जास्त झाला की फोटो काळा पडायचा, कमी झाला की पांढुरका. बाकीचे लोक अंदाज चुकला की दुसरी फिल्म घालायचे. तात्या दारातून आत येणाऱ्या माणसाकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघायचे, बटण फिरवायचे आणि फोटो स्वच्छ यायचा. इतक्या वर्षांत त्यांना दुसरी फिल्म घालताना मी पाहिलं नव्हतं.

प्राजक्ता ही त्यांची एकुलती एक मुलगी. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली. ती शाळा सुटली की बापाचा डबा घेऊन दवाखान्यात यायची. तात्या दुपारचं जेवण तीनला जेवायचे, कारण ती तीनला यायची. स्टुलावर बसून ती डबा उघडायची, भाकरी मोडून द्यायची आणि ते जेवत असताना त्यांच्या ताटाकडं टक लावून बघत राहायची. मला त्याचं कौतुक वाटायचं. आमची कन्या माझ्यासाठी कधी पाण्याचा तांब्या भरून देईल तर शपथ.

ती शाळेकडून पळायची. लांबची शर्यत, तीन हजार मीटरची. आठवीपर्यंत चांगली गुटगुटीत होती. नववीत कुणा सरांनी तिला सांगितलं, अंग हलकं कर, नंबर येईल. तिनं केलं आणि खरंच तालुक्यात नंबर आला. तात्यांनी दवाखानाभर पेढे वाटले. पेशंटच्या प्लास्टर केलेल्या हाताच्या उघड्या बोटांतसुद्धा पेढा दिला.

मग तिचे उपवास सुरू झाले. आधी गुरुवार. मग चतुर्थी आणि एकादशी. मग शनिवार मारुतीचा, सोमवार महादेवाचा. आमच्याकडं उपवास म्हणजे एरवीपेक्षा जास्त खाणं. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, भगर, वर रताळ्याचा गोड काप. प्राजूला यातलं काही चालायचं नाही. साबुदाण्यानं पित्त होतं, शेंगदाण्यानं डोकं दुखतं, केळ्यानं कफ होतो. लिंबूपाणी तेवढं चालायचं. नवरात्रात तिनं नऊ दिवस धरले तेव्हा तात्या मला म्हणाले, "शिस्टर, पोरगी आमच्या आईवर गेलीया. देवाचं लई हाय तिला."

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "नशीब तुमचं. नाहीतर आजकालच्या मुली!" आणि घरी जाऊन माझ्या मुलीला प्राजूचं उदाहरण दिलं. तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी तिला आणखी दोन शब्द सुनावले.

त्या दिवाळीत प्राजूनं स्वतः बेसनाचे लाडू करून आणले. सगळ्या स्टाफसाठी, प्रत्येकाला मोजून तीन. मी एक खाल्ला तशी ती म्हणाली, "मावशी, अजून खा की." दुसरा खाल्ला. तिसराही तिनं माझ्या हातात कोंबला आणि मी चावत असताना माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी विचारलं, "तू?" म्हणाली, "आज माझा उपवास हाय." कसला उपवास होता त्या दिवशी, हे विचारायचं मला सुचलं नाही. तोंड लाडवानं भरलं होतं.

तात्यांची बायको, कांतावहिनी, एकदा बीपी तपासायला आल्या होत्या. दरवाजा लोटून घेऊन हळूच म्हणाल्या, "शिस्टर, प्राजूची पाळी चार-पाच महिनं आली न्हाय. सासूबाई म्हणत्यात, बरं हाय, उपास मोडत न्हाईत, देवीनंच सोय केली. पर मला आपलं..." बाहेर पेशंट खोळंबले होते. मी पट्टा सोडता सोडता म्हणाले, "पळणाऱ्या मुलींचं होतं असं. येईल आपोआप." नर्सनं सांगितलं म्हटल्यावर त्या निर्धास्त झाल्या. चैत्रात, भर उन्हात प्राजू स्वेटर घालून डबा आणायची, तेही मी बघत होते.

जानेवारी होता. जिल्ह्याच्या निवडीला तीन दिवस राहिले होते. डॉक्टरसाहेब दोन दिवसांसाठी पुण्याला गेले होते. तीन वाजता प्राजू आली ती लंगडत. जांघेत दुखतंय म्हणाली, पंधरा दिवसांपासून, पळताना जास्त. तात्या म्हणाले, "चल, फोटोच काढू. इशय मिटंल."

रोज कितीतरी परक्या माणसांचे पाय, कंबरा, खांदे उचलून नीट ठेवणारा हा माणूस. पण मुलगी मोठी झाल्यापासून त्यानं तिच्या अंगाला हात लावला नव्हता. आमच्याकडं बाप लावतच नाहीत, त्यात नवल काही नाही. आणि फोटो कमरेचा काढायचा होता. तात्या ओशाळून माझ्याकडं आले, "शिस्टर, तिला जरा टेबलावर नीट घ्या. मी भाईर थांबतो."

मी तिला घेतलं. ओढणी बाजूला केली, दोन्ही पावलं आत वळवली, शेजारी वाळूच्या पिशव्या लावल्या. सरळ करताना तिच्या कमरेचं हाड माझ्या तळव्याला टोचलं. टोचलं म्हणजे अगदी टोचलं. चादर अंगावर घालावी तसे तिचे कपडे अंगावर होते. दंडावर बारीक लव आली होती, तान्ह्या मुलाच्या पाठीवर असते तशी. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. ती छताकडं बघत होती. तात्यांनी बाहेरून विचारलं, "झालं का शिस्टर?"

मी म्हणाले, "झालं."

फिल्म धुऊन बाहेर आली ती काळी. तात्यांनी खिडकीपाशी नेली, उलटी केली, सुलटी केली. त्यांच्या हातून फोटो काळा पडलेला मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांना ते सहन झालं नाही. "ही लाईट हो! तिकडं रानातल्या पाण्याच्या मोटारी बंद झाल्या की हिकडं एकदम वर चढती." खरंही वाटलं, कारण त्या दिवसांत विजेचा तसा खेळ चालायचाच. दवाखान्यातले दोन बल्ब त्याच आठवड्यात उडाले होते. कुणालाही पटलं असतं.

त्यांनी दुसरी फिल्म घातली. मी कंट्रोलपाशीच उभी होते. त्यांनी बटण थोडं खाली घेतलं, थांबले, काचेतून आत टेबलाकडं बघितलं आणि आणखी खाली घेतलं. मला आकड्यांतलं फारसं कळत नाही. पण तो आकडा ते कुणाला लावतात हे रोज बघून मला ठाऊक झालं होतं. चौथी-पाचवीतल्या पोरांना.

या वेळी फोटो सुरेख आला. तात्यांनी तो पाच मिनिटं बघितला, बोटानं हाडाच्या कडेनं फिरत फिरत. मग खुशीत म्हणाले, "साफ हाय. कुठंबी काय न्हाय. शीर धरली आसंल. तेल लाव आन् पळ तू."

"दुखतंय आप्पा," प्राजू बापाला म्हणाली.

"फोटोत काय न्हाय ना पोरी."

ती पळाली. पुण्याच्या मैदानात शेवटच्या फेरीत पडली ती उठली नाही. कुणी धक्का दिला नव्हता, पाय कशात अडकला नव्हता. पळता पळता मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. शाळेच्या गाडीतून तिला आमच्याच दवाखान्यात आणलं. तात्यांनीच फोटो काढला. त्या वेळी मात्र त्यांनी मला बोलावलं नाही, स्वतःच तिला दोन्ही हातांवर उचलून टेबलावर ठेवलं. बाहेर आले तेव्हा माझ्याकडं बघून नुसते म्हणाले, "वजनच न्हाय हो."

डॉक्टरसाहेबांनी तीन दिवसांपूर्वीचा फोटो मागितला. बघितला. "एकच काढला होता?"

"पयला काळा पडला व्हता, सायेब. लाईट..."

"आणा तो."

तात्यांनी रद्दीच्या खोक्यातून तो शोधून आणला. तिन्ही फिल्म शेजारी शेजारी दिव्यावर लावल्या. डॉक्टरसाहेब रागीट माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला नाही. "लाईटचा दोष नव्हता तात्या. हाडातच माल नव्हता. किरणं आरपार गेली." मग म्हणाले, "आणि हाडाला पडलेली अशी बारीक चीर सुरुवातीला फोटोत दिसतच नाही. मीसुद्धा फसलो असतो." दुसरं वाक्य त्यांनी धीर द्यायला म्हटलं होतं. तात्यांना ते ऐकू गेलं असावं असं वाटत नाही. ते कंट्रोलच्या खोलीत जाऊन बसले. मी पाणी घेऊन गेले तर आपल्या दोन्ही हातांकडं बघत होते.

"शिस्टर, बारक्या पोराचा आकडा लावला म्या. सोळा वर्साच्या पोरीला. ह्या हातांला समजलं व्हतं. मला न्हाय समजलं."

मलाही समजलं होतं तात्या, असं मी म्हणायला हवं होतं. आजवर म्हणाले नाही. इथं पहिल्यांदाच लिहितेय.

खुब्यात स्क्रू घातले. मग डॉक्टरसाहेबांनी एका बाई डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी प्राजूचं वजन घेतलं, रक्त पाहिलं आणि वहिनींना विचारलं, पाळी कधीपासून नाही? वहिनींनी बोटं मोजली. चौदा महिने. "इतके दिवस कुणाला दाखवलं नाहीत?" वहिनी माझ्याकडं वळल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, साधेपणानं म्हणाल्या, "शिस्टर म्हनल्या व्हत्या ना, पळणाऱ्या पोरींचं व्हतं आसं." खोलीत सगळे होते. मी ट्रे उचलून बाहेर आले आणि बराच वेळ तो कुठं ठेवायचा हेच मला कळेना.

बाई डॉक्टर चांगल्या होत्या. त्यांनी समजावून सांगितलं की हा मनाचा आजार आहे, मुलगी हट्टी नाही, नाटकी नाही. अन्न मिळालं नाही की अंग पहिल्यांदा पाळी बंद करतं आणि मग हाडातलं काढून खातं. आणि याच वयात हाडं भरत असतात. ही वर्षं गेली की पुन्हा तशी येत नाहीत. तात्यांनी एकच विचारलं, "आता जेवली तर भरतील का?"

"जेवायलाच हवं. पण सगळी नाही भरणार."

तात्यांनी त्या संध्याकाळी घरी जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, ज्याच्यावर प्राजूनं आपल्या उपवासांना लाल गोल केले होते. म्हातारी आई देवाचा कोप होईल म्हणून ओरडायला लागली. वहिनींनी मला नंतर सांगितलं, की जन्मात आईला उलटून न बोललेला माणूस म्हणाला, "माझी पोरगी उपाशी ठिवून देवाला काय मिळालं, जा इचार त्याला." त्या दिवसापासून त्या घरात कुणी उपवास धरला नाही. म्हातारी तात्यांशी कित्येक महिने बोलली नाही.

प्राजू आमच्याकडं बारा दिवस होती. एका दुपारी मी ड्रेसिंग करत होते. मी विचारलं, "भूक लागायची नाही का गं तुला?"

"लागायची की मावशी. लई लागायची. ती लागली आन् मी खाल्लं न्हाय, की मला जिंकल्यावानी वाटायचं." मग हसली थोडी. "उपास हाय म्हटलं की कुणी आग्रह करत न्हाय. उलट समदी चांगलंच म्हणायची. तुमीबी."

मी पट्टी गुंडाळत राहिले. खाली मान घालायला पट्टी होती म्हणून बरं.

पुढं तिला पुण्याला न्यावं लागलं, मनाच्या डॉक्टरांकडं. नात्यातले लोक कुजबुजले, पोरगी वेडी झाली म्हणाले. तीन महिने वहिनी तिकडं राहिल्या, तात्या दर रविवारी जायचे. घरी आल्यावर दोनदा पुन्हा घसरली. एकदा भाकरीचे तुकडे गादीखाली सापडले. तिच्याबद्दल सोमवारी चांगलं ऐकावं आणि शुक्रवारी वाईट, असं दोन वर्षं चाललं.

तात्या कामावर येत होते, पण माणूस बदलला. घोंगड्याची आरोळी बंद झाली. पेशंटला, तुम्ही काय काम करता, हे सांगणं बंद झालं. एकच खूळ लागलं. एखादी मुलगी फोटोसाठी आली, अंगानं बारीक असली, की तिला सरळ विचारायचे, "जेवतीस का पोरी पोटभर? पाळी येती का येळंवर?" एक्सरे काढणाऱ्या बाप्यानं, बारामतीत, कुणाच्या पोरीला हे विचारायचं! व्हायचं तेच झालं. इंदापूरकडच्या एका मुलीचा भाऊ तिला घेऊन आला होता, त्यानं तात्यांची कॉलर धरली. मी आणि कंपाउंडर मधे पडलो. तात्यांनी हात सोडवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. त्या भावाला म्हणत राहिले, "मार मला. मार हवं तर. पर घरी जाऊन तिच्या आईला इचार."

डॉक्टरसाहेबांनी त्यांना आत बोलावून समज दिली. बाहेर आल्यावर ते माझ्यापाशी आले. "शिस्टर, मी बाप्या. मला न्हाय इचारता येत. तुमी इचारा." तेव्हापासून मी विचारते. आजही विचारते, कुणी तोंड वाकडं केलं तरी. त्या इंदापूरच्या मुलीची आई चौथ्या दिवशी तिला घेऊन परत आली. तिची पाळी सात महिने नव्हती. तिला वेळेवर बाई डॉक्टरांकडं धाडलं. मी तात्यांना सांगितलं तेव्हा वाटलं होतं, चेहरा जरा उजळेल. ते म्हणाले, "बरं झालं," आणि अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायला गेले.

दीड वर्षानं पुण्यात प्राजूच्या हाडांची घनता मोजली. तात्या तो कागद घेऊन पहिल्यांदा माझ्याकडं आले, डॉक्टरसाहेबांकडं नाही. मला इंग्रजी वाचता येतं तेवढं मी वाचलं. अठरा वर्षांच्या मुलीची हाडं पासष्टीच्या बाईसारखी, असा त्याचा अर्थ होता. मी त्यांना सांगताना साठ म्हणाले. पाच वर्षांनी काय फरक पडणार होता, देव जाणे, पण माझ्यानं पासष्ट म्हणवेना.

त्याच पावसाळ्यानंतर नवं मशीन आलं. आता फिल्म नाही, धुणं नाही, फोटो थेट पडद्यावर. कंपनीचा माणूस दाखवत होता. माणूस जाड असो, बारीक असो, फोटो काळापांढरा होण्याची भानगडच नाही, मशीन आपलं आपण जुळवून घेतं. आम्ही सगळे खूश. तात्या हाताची घडी घालून मागं उभे होते. सगळे गेल्यावर म्हणाले, "म्हंजी ह्यो काय सांगायचाच न्हाय, शिस्टर. आपलं आपण नीट करून घ्यायचा." मी म्हणाले, तात्या, सुधारणा आहे ती. ते म्हणाले, "व्हय, सुधारणाच हाय." महिनाअखेरीला त्यांनी नोकरी सोडली. निवृत्तीला सहा वर्षं होती. डॉक्टरसाहेबांनी दोन वेळा घरी माणूस पाठवला, मी भांडून आले, उपयोग झाला नाही.

गेल्या वर्षी मी भवानीनगरला बहिणीकडं निघाले होते. सोमवारची सकाळ, बारामतीचा स्टँड माणसांनी भरलेला. इंदापूरची गाडी लागली तशी नेहमीची झुंबड उडाली. खिडक्यांतून रुमाल पडले, पिशव्या पडल्या. त्या गर्दीत मला तात्यांचे कान दिसले. मिशी पार पांढरी झाली होती. दाराशी प्राजू होती आणि ते तिच्या पाठीशी, गर्दीकडं पाठ करून, दोन्ही हात फाकवून दांड्या धरून उभे होते. माणसं त्यांच्या पाठीवर आदळत होती. "ढकलू नका रं! दमानं! पोरीचं हाड कच्चं हाय!" लोक हसत होते, कुणी शिव्या देत होतं. प्राजूनं एक पाय वर टाकला, मग दुसरा मागून ओढून घेतला. अंगानं बरीच सावरली होती. गालावर मांस आलं होतं, केस दाट झाले होते. कांतावहिनींनी नंतर सांगितलं, की ती इंदापूरला मावशीकडं राहून कॉलेज करते, आता दोन वेळा नीट जेवते आणि तात्या दर सोमवारी तिला दारापर्यंत सोडून येतात.

मी हाक मारणार होते. पण प्राजू वर चढून मागं वळली. खाली तात्या दोन पिशव्या सावरत, रेट्यात हेलपाटत होते. ती हसली आणि वाकून हात पुढं केला. "आप्पा, द्या हात. मी वढते वर."

तात्यांनी त्या हाताकडं बघितलं. मनगटाकडं बघितलं. मग मान हलवली, पिशव्या एका हातात घेतल्या, दाराची लोखंडी दांडी पकडली आणि चढू लागले. एकदा पाय सटकला, गुडघा पायरीवर आपटला, तरी त्यांनी मुलीचा हात धरला नाही. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हाही तिचा हात तसाच पुढं होता.